पहिला इंच

३ फेब्रुवारी

ही वही मापांची. पुढची पाने गिऱ्हाइकांच्या छात्या-कमरांनी भरलेली, मागची कोरी. दुकान बंद केले तेव्हा तशीच ट्रंकेत टाकली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तेच तेच मला ऐकवण्यापेक्षा लिहून काढा." म्हणजे त्याच्या कानांची सुटका. बोलताना पेनाचे टोपण चावत होता. एकोणपन्नासचा घोडा झाला, डोक्यावरचे केस गेले, पण चावायची खोड गेली नाही.

सूनबाई सहली काढणाऱ्या कचेरीत कामाला आहे. तिने आज एक छापील कागद आणला. वर लिहिले आहे : 'क्रूझची सुट्टी तुमच्या स्वभावाला मानवेल का?' खाली वीस प्रश्न, प्रत्येकाला पाच गुण. म्हणाली, "बाबा, तुमच्यावर करून बघते. तुम्हाला मानवली तर जगात कोणालाही मानवेल."

पहिला प्रश्न : लहान खोलीत गुदमरल्यासारखे होते का? मी म्हटले, मोठ्या खोलीतही होते. सहावा : अनोळखी माणसांबरोबर जेवायला आवडते का? मला ओळखीच्यांबरोबर आवडत नाही. नववा : जमीन दिसेनाशी झाली तर काय वाटेल? मेलो, असे वाटेल. तेरावा : तीच माणसे रोज भेटली तर कंटाळा येतो का? तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि उत्तर स्वतःच लिहिले.

शंभरपैकी अकरा. कागदाच्या मागे निकाल छापला आहे : 'वीसपेक्षा कमी : आपण घरीच शांतपणे विश्रांती घ्यावी.'

"घरी!" सूनबाई म्हणाली. "हा निकाल बदलायला लावते मी उद्या ऑफिसात."

७ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन. माझ्या बायकोची धाकटी बहीण. तिच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात, म्हणून एप्रिलच्या शेवटी मुले, सुना, नातवंडे अशी सगळी पलटण पाच दिवस जहाजावर निघाली आहे. आम्हा तिघांनाही बोलावणे आहे.

"भावजी, तुम्ही हवेतच. ताई असती तर कान धरून आणलं असतं तिने तुम्हाला. आणि ह्यांचं एक काम आहे. चौथ्या दिवशी तिथे मोठं जेवण असतं, कोट लागतो. तो ह्यांना तुमच्याच हातचा हवाय."

'हे' म्हणजे माझा साडू. त्याचे नाव मी ह्या वहीत लिहिणार नाही. दुकानात त्याला सगळे कॉलर म्हणत, कारण शर्टाची कॉलर उभी केल्याशिवाय त्याची कात्री चालत नसे.

विचार करून सांगतो म्हटले. फोन ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षे ज्या संधीची वाट पाहिली, ती कापड काखोटीला मारून आपल्या पायांनी दारात आली.

८ फेब्रुवारी

लिहूनच ठेवतो. मी गेल्यावर 'म्हातारा उगाच दात धरून होता' असे कोणी म्हणायला नको.

आम्ही दोघे एकाच दुकानात कटर होतो. हेड कटरची जागा रिकामी होणार होती आणि दुकानाच्या मालकांचा, मोठ्या मास्तरांचा, कल माझ्याकडे होता. अशात एका बँडच्या तीस गणवेशांचे काम आले. शनिवारी मी तिसांची मापे घेतली. रविवारी टेप माझ्याबरोबर घरी होती. त्या दिवशी कॉलर आणि मेहुणी आमच्याकडे जेवायला होते. माझा मुलगा दहा महिन्यांचा, दात येत होते, दिवसभर नुसती किरकिर. त्या गोंधळात टेप कुठे पडली, कोणी उचलली, कोण बघतो?

सोमवारी कापड बेतायला घेतले. टेपेच्या टोकाची पितळी पट्टी गेली होती. ती नेहमीच पडते, म्हणून लक्ष दिले नाही. पण पट्टीबरोबर पहिला इंचही गेला होता. टोक सफाईने कापलेले होते. आमची सवय अशी की टोक अंगठ्याखाली दाबायचे आणि नजर पुढच्या आकड्यावर ठेवायची. टोकाकडे कोण पाहतो? चोवीसवर खूण केली की कापड खरे तेवीस. प्रत्येक तुकडा इंचाने आखूड. छातीला चार तुकडे, म्हणजे छाती चार इंच कमी.

बँडवाले कपडे घालून ओळीने उभे राहिले. बिगुलवाल्याने वाजवून दाखवायला छाती भरून श्वास घेतला आणि दोन बटणे उडाली. एक मोठ्या मास्तरांच्या चहात पडले. सगळे दुकान पोट धरून हसले. तेव्हा कॉलर म्हणाला, "चौथी पास माणसाच्या हाती आकडे दिले की असंच व्हायचं."

त्या दिवसापासून माझे नाव 'चौथी'. हेड कटर तो झाला. मी काज-बटणांवर. पुढे स्वतःचे सहा बाय आठचे दुकान टाकले आणि चाळीस वर्षे लोकांच्या पँटी आखूड-लांब करीत बसलो.

टेप कोणी कापली? ज्याला त्या जागेची भूक होती त्याने. यात न कळण्यासारखे काय आहे? बायको मात्र विषय निघाला की "सोडा ना आता" म्हणायची आणि उठून आत जायची. बहिणीच्या नवऱ्याची बाजू, दुसरे काय.

टेप मी जपून ठेवली आहे.

१० फेब्रुवारी

बेत ठरला. मापे नव्या टेपेने घ्यायची, त्याच्या डोळ्यांसमोर. कापड बेतायचे त्या जुन्या टेपेने. छाती चार इंच कमी, बाही इंचाने आखूड. मोठ्या जेवणाला आठशे माणसे, त्यात त्याची सगळी नातवंडे. पठ्ठ्या कोट चढवील, बटण लागणार नाही, ओढून लावले तर उडेल. कोणाच्या सुपात पडते ते बघायला मी समोरच बसेन. जमिनीवर अपमान झाला तर माणूस घरी निघून जातो. जहाजावरून कुठे जाईल?

सूनबाईकडून तोच कागद कोरा मागून घेतला आणि पुन्हा भरला. लहान खोली? आवडते. अनोळखी माणसे? जितकी जास्त तितकी चांगली. तीच माणसे रोज भेटली तर? उत्तम. विसावा प्रश्न तेवढा सोडला : 'या प्रवासाला पुन्हा कोणाबरोबर जायला आवडेल?' चौऱ्याण्णव गुण. निकाल : 'आपण जन्मजात दर्यावर्दी आहात!'

सूनबाई म्हणाली, "आठवड्यात अकराचे चौऱ्याण्णव? स्वभाव बदलला का बाबा?"

"मनावर घेतलं की होतं."

"तुम्ही मनावर घेतलं की मला धडकी भरते."

१३ फेब्रुवारी

माप घेऊन आलो. दारातच म्हणाला, "काय चौथी, दिसतंय ना अजून?"

कॉलर उभीच होती. पण आत मान भरत नाही, बरणीत चमचा उभा केल्यासारखी दिसते. छाती चाळीस. पूर्वी चव्वेचाळीस होती, पाठ आहे मला. म्हटले, बारीक झालास. म्हणाला, "सकाळी फिरायला जातो." पैसा आला की माणसांना फिरायला सुचते.

मी आकडे वहीत घेत होतो, तर म्हणतो, "पोरांना आपण वाढत्या अंगाचं शिवायचो ना? मला घटत्या अंगाचं शिव." आणि स्वतःच हसला. मेहुणी उठून स्वयंपाकघरात गेली. तिलाही त्याच्या विनोदांचा वीट आला असणार.

"ट्रायलला कधी येतोस?" मी विचारले. ट्रायलमध्ये सगळे उघडे पडले असते.

"ट्रायल कशाला? तू शिवणार म्हणजे बघायला नको."

टोमणा होता. परतताना वाटेत कळले.

१९ फेब्रुवारी

कापड बेतले. कापड उंची आहे, हाताला लोण्यासारखे लागते. असे कापड बिघडवायला काळीज लागते. जुनी टेप ठेवली, खडूने खूण केली, आणि कात्री हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मनात म्हटले, हात दाखवून अवलक्षण नको. लोक विचारतील, शिवला कोणी? नाव माझेच जाईल. मग बिगुलवाल्याचे बटण आठवले. कापले.

६ मार्च

कोट बाजूलाच, मला जहाजाची काळजी लागली आहे. सूनबाईला विचारले, बुडाले तर छोट्या होड्या किती? म्हणाली, सगळ्यांना पुरून उरतील इतक्या. मी म्हटले, आधी कोणाला बसवतात? म्हणाली, बायका-मुलांना आणि कटकट करणाऱ्यांना.

अठ्ठेचाळीस वर्षे मी त्याला पाण्यात पाहत आलो. आता त्यापायी मलाच पाण्यात जायचे आहे.

मुलाला सांगितले, मी येत नाही. संध्याकाळी सांगितले, येतो. तो म्हणाला, "बाबा, तिकीट आहे ते, पतंग नाही, ढील देऊन ओढायला."

२१ मार्च

कॉलरला फोन केला, बटणे काळी की तपकिरी विचारायला. मेहुणीने घेतला. ते दवाखान्यात आहेत म्हणाली, तपासणीला. मागच्या वेळीही तपासणीलाच होते. पैसेवाल्यांची थेरं. मला दाढ दुखली तर मी लवंग धरतो.

बटणांसाठी बायकोचा डबा काढला. ती गेल्यापासून उघडला नव्हता. आत तिची छोटी कात्री होती. तिच्या एका पात्याला खाच आहे. जे कापेल त्याच्या कडेला एक बारीक दात उमटतो, म्हणून मी तिला दुकानाच्या कापडाला हात लावू देत नसे. खाली बटणे. सगळ्यांत तळाशी कागदाची पुडी. पुडीत पितळी पट्टी, आणि पट्टीला टेपेचा एक इंच!

खुर्चीत बसलो, पाणी प्यालो. टेप आणून टोकाला टोक लावले. तंतोतंत जुळले. पट्टी चेपली आहे. तिच्यावर बारीक बारीक खळगे आहेत, उंदराने कुरतडल्यासारखे.

केवढा नीच माणूस! कापली ती कापली, आणि पुरावा माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या डब्यात दडवला. तिला बिचारीला पत्ताही नसेल. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालीत होतो.

आता कोटाने भागणार नाही. टेप आणि तुकडा दोन्ही त्या डब्यासकट बरोबर नेणार. सगळ्यांसमोर टेबलावर ठेवीन.

४ एप्रिल

कोट पोचवला. त्याने घडी उलगडली. घालून बघितला नाही. उलटा केला आणि अस्तराच्या बाजूने प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवला, आम्ही पूर्वी एकमेकांचे काम तपासायचो तसा. छातीच्या शिवणीपाशी अंगठा थांबला. बोटांनी वीत घातली. मी दाराकडे सरकलो.

वर पाहून म्हणाला, "झकास. ह्याच मापाचा हवा होता."

कटर होता की कोण होता हा? हेड कटर म्हणे! ह्याला माझ्या जागेवर बसवले होते.

२५ एप्रिल, जहाजावर

आलो. खोलीत दोन पलंग, मुलगा आणि मी. सूनबाई पलटणीतल्या बायकांच्या टोळक्यात. खिडकी गोल आहे आणि तिच्यात नुसते पाणी. कपडे न बदलता बूट घालून पडून राहिलो, वेळ आली तर पळता यावे म्हणून. मुलगा म्हणाला, "बाबा, पळून जाणार कुठे?" हे वाक्य मी दुसऱ्यासाठी राखून ठेवले होते.

२७ एप्रिल

दोन दिवस पोटात काही ठरले नाही. 'बोट लागते का?' हा चौदावा प्रश्न मी खोटा भरला होता. आज बरे आहे. कॉलर दिवसभर डेकवर आरामखुर्चीत पांघरूण घेऊन बसतो. एवढ्या उन्हात! नातवंडे त्याच्याभोवती घिरट्या घालतात आणि तो त्यांना बिगुलवाल्याची गोष्ट सांगतो. मी लांबून ऐकली. माझे नाव घेतले नाही, पण बटण चहात पडते तिथे पोरे खिदळली.

उद्या हसा म्हणावे.

२८ एप्रिल

मोठे जेवण झाले. जसे घडले तसे लिहितो.

दिव्यांच्या झुंबराखाली लांबच लांब टेबले. मी वेळेआधी जाऊन त्याच्या समोरची खुर्ची धरली. टेप खिशात. मेहुणीच्या हाताला धरून तो आला. कोट घातलेला, तिन्ही बटणे लावलेली.

कोट त्याला बसला होता.

छातीवर एक सुरकुती नाही, बगलेत ओढ नाही. मी चाळीसला चार कमी केले होते. तो माणूस छत्तिसाचा झाला होता. अडीच महिन्यांत. कोणी फिरायला जाऊन असे आटते का? एवढे शिवून मी त्याला जसाच्या तसा झाकला होता.

बाही तेवढी आखूड राहिली. पाण्याचा ग्लास घ्यायला त्याने हात पुढे केला आणि मनगट उघडे पडले. मनगटावर आणि हाताच्या पाठीवर जांभळे-पिवळे डाग, मधे सुया टोचल्याच्या खुणा. मेहुणीने चटकन बाही खाली ओढली. पुन्हा वर गेली. तिने पुन्हा ओढली. समोरची धाकटी नात बघत राहिली. कोणी हसले नाही.

कोणीतरी विचारले, "कोट कुठून घेतलात हो? काय बसलाय!"

त्याने माझ्याकडे बोट केले. "मास्तरांनी शिवलाय."

चौथी म्हणाला नाही. मी टेप खिशात दाबून धरली आणि सूप तसेच टाकून उठलो.

२९ एप्रिल

सकाळी न्याहारीला मी टेप घेऊन गेलोच. तो आजारी आहे हे मलाही कळते. पण आजारी माणसाचा गुन्हा माफ असतो असे कुठे लिहिले आहे? आणि उद्या जहाज लागेल. पुन्हा कधी सापडणार तो?

त्याच्या टेबलावर सगळी पलटण होती. मी टेप ठेवली आणि शेजारी तो पितळी तुकडा ठेवला. म्हटले, "ओळखतोस?"

त्याने तुकडा उचलला. "कुठे मिळाला?"

"तू टाकलास तिथेच. माझ्या बायकोच्या बटणांच्या डब्यात."

मेहुणीचा चमचा बशीत पडला. त्याने पट्टी उजेडात धरून उलटसुलट केली, त्या खळग्यांवरून नख फिरवले. मग पलीकडे कठड्याला टेकून उभ्या माझ्या मुलाकडे पाहिले. तो सरबत संपवून नळी चावत समुद्र बघत होता. कॉलरला हसू फुटले. इतके हसला की खोकला आला, डोळ्यांत पाणी आले.

"ताई कधीच काही बोलली नाही का रे तुला?"

"तिचं नाव मधे आणू नकोस. कापलीस की नाही, तेवढं सांग."

"अहो..." मेहुणी म्हणाली. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. मग ग्लासवर चमचा वाजवला.

"पोरांनो, इकडे बघा. ती बिगुलवाल्याची गोष्ट मी अर्धीच सांगितली. ह्या मास्तरांची काही चूक नव्हती. टेप मी कापली होती. मला हेड कटर व्हायचं होतं. सोमवारी सकाळी दुकानात, मोठ्या कात्रीने. आणि वर ह्यांना चौथी म्हणून चिडवलं. ते जास्त वाईट केलं."

शेवटचे वाक्य म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या थोरल्या मुलाने मान खाली घातली. धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, खरंच?" तो म्हणाला, "खरंच गं."

एवढेच मला हवे होते. शब्दाला शब्द. सगळ्यांसमोर, पळायला जागा नसताना. जिंकलो मी. मेहुणी एवढे रडत का होती, कळले नाही. नवऱ्याची लाज वाटली असेल.

उठताना तो हळूच म्हणाला, "कोटही त्याच टेपेने बेतलास ना? शिवणीवरून कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, मास्तरांच्या हाताला जे माप बरोबर वाटेल ते. आणि बघ की, बसला."

२९ एप्रिल, दुपारी

कोट मागून आणला आणि खोलीत बाही उसवायला बसलो. आखूड बाहीचा कोट माझ्या नावावर फिरायला नको, म्हणून. बाहीच्या आत मुडपलेले कापड दीड इंच निघाले. मी अर्धा इंचही सोडायचा नाही असे ठरवले होते. हाताने सवयीने सोडले असणार. बाही एक इंच लांब केली.

मोजायला टेप घेतली तेव्हा कापलेली कड चष्म्याजवळ आली. कडेला एक बारीक दात आहे. तुकड्याच्या कडेलाही तसाच, त्यात बसणारा. दुकानातल्या मोठ्या कात्रीला खाच नव्हती. तिला रोज धार मीच लावायचो.

म्हातारा झाला आहे, आजारी आहे, कुठल्या कात्रीने कापली ते विसरला असेल. कबुली ती कबुली.

मुलगा शेजारच्या पलंगावर झोपला आहे, उशीचा कोपरा तोंडात. लहानपणी असाच झोपायचा, आणि चावून चोथा झालेला कोपरा त्याची आई गुपचूप कापून टाकायची. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग डब्यातली सुई काढली आणि पहिला इंच टेपेला परत शिवून टाकला. पट्टी वाकडी आहे, पण धरते. तिने बाही मोजली.

चोवीस. बरोबर आहे.

सूनबाईचा कागद वहीत सापडला. विसावा प्रश्न अजून कोरा आहे. ह्याच पेनाने तो भरतो आणि कोट परत द्यायला जाताना कागद बरोबर नेतो.